वाचकांचे प्रश्न : मोठ्या स्क्रीनचा, मध्यम किमतीचा फोन

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे वीस ते पस्तीस हजार रुपयांच्या पट्ट्यातील मोठ्या स्क्रीनच्या फोनविषयी आहेत. त्यांतील निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी पत्रांचा मजकूर संक्षेपाने दिला असून, पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ६८ असून दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. माझा सध्याचा फोन साडेपाच इंची आहे. मुलगा सॅमसंगचा गॅलक्सी ए३६ हा ६.७ इंची फोन घ्या म्हणतो. वर्तमानपत्र वाचणे, व्हॉट्सअ‍ॅप, नातवंडांशी व्हिडिओ कॉल आणि वीजबिल भरणे एवढेच माझे काम. एवढा मोठा फोन हातात पेलेल का, आणि अक्षरे खरोखरच मोठी दिसतील का?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण ग्राहकाची फसगत तिथेच होते. फोनच्या स्क्रीनचे इंचांतले माप हे तिच्या कर्णाचे असते, हे आपल्यासारख्या शिक्षिकेला सांगायला नको. आपल्या जुन्या फोनची स्क्रीन बहुधा १६:९ या (उंची : रुंदी) प्रमाणातली असेल. त्या काळातल्या बहुतेक साडेपाच इंची फोनची तशी असे. त्या हिशेबाने तिची रुंदी सुमारे ६.८५ सेंटिमीटर आणि उंची सुमारे १२.२ सेंटिमीटर भरते. ए३६ ची स्क्रीन १९.५:९ या प्रमाणातली आहे, म्हणजे ६.७ इंचांच्या कर्णाला रुंदी सुमारे ७.१ आणि उंची सुमारे १५.४ सेंटिमीटर. कर्ण सुमारे सव्वा इंचाने वाढला, पण रुंदी वाढली ती जेमतेम तीन मिलिमीटर. बाकीची सगळी वाढ उंचीत गेली. त्यामुळे नवा फोन हातात घेतल्याबरोबर अक्षरे मोठी दिसतील, ही अपेक्षा ठेवू नये. ओळ जवळजवळ तेवढीच लांब राहील, एका वेळी दिसणाऱ्या ओळी मात्र वाढतील.

तरीही हा फोन आपल्या उपयोगाचा आहे, आणि तो या वाढीव उंचीमुळेच. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या यादीत अक्षरांचा आकार आणि स्क्रीन झूम अशा दोन वेगळ्या सोयी असतात. पहिलीने केवळ अक्षरे मोठी होतात, दुसरीने बटणे, चिन्हे आणि रकानेही मोठे होतात. जुन्या फोनवर हे दोन्ही वाढवले की कळफलक उघडताच अर्धी स्क्रीन व्यापली जाते आणि उरलेल्या जागेत आपणच लिहिलेला निरोप धड दिसत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तर ‘पुढे चला’ हे बटण स्क्रीनच्या खालीच कुठेतरी लपते. उंच स्क्रीनवर अक्षरे दोन पायऱ्यांनी वाढवूनही कळफलकाच्या वर पुरेशी जागा उरते. म्हणून मुलाला सांगून घेण्याच्या आधीच, दुकानातल्या नमुन्याच्या फोनवर अक्षरे आपल्याला हवी तेवढी मोठी करून घ्यावीत आणि मग एखादा निरोप लिहून पाहावा.

अक्षरे रेखीव दिसण्याला रुंदीपेक्षाही ठिपक्यांची दाटी महत्त्वाची असते. ए३६ ची स्क्रीन १०८० बाय २३४० ठिपक्यांची, म्हणजे इंचाला सुमारे ३८५ ठिपक्यांची आहे. याच आकाराचे काही स्वस्त फोन ७२० बाय १६०० ठिपक्यांवर भागवतात. तिथे इंचाला सुमारे २६० ठिपकेच पडतात. इंग्रजी मजकुरात हा फरक कदाचित खपून जाईल, पण देवनागरीत रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे अगदी थोड्या जागेत बसवायची असतात. वर्तमानपत्राच्या ई-आवृत्तीचे पान उघडून ते मोठे न करता ‘द्य’, ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगवेगळे ओळखू येतात का ते पाहावे. चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यापेक्षा ही कसोटी या कामी अधिक उपयोगी आहे.

आता व्हिडिओबद्दल. व्हिडिओ कॉल आपण फोन उभा धरून करता, त्यामुळे तिथे पूर्ण स्क्रीनचा लाभ मिळेल आणि नातवंडे ऐसपैस दिसतील. मालिका किंवा कीर्तन मात्र आडवा फोन धरून पाहायचे असेल, तर नेहमीचा १६:९ चा व्हिडिओ मध्यभागी बसतो आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात. प्रत्यक्ष चित्राचा कर्ण सुमारे ५.७ इंच भरतो, म्हणजे जुन्या फोनपेक्षा नावालाच मोठा. कोणी केवळ सिनेमे पाहण्यासाठी साडेपाच इंचांवरून पावणेसात इंचांवर जायचे म्हणत असेल, तर त्याने ते पैसे टॅब्लेटमध्ये घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाताचे म्हणाल तर ए३६ हा ७८.२ मिलिमीटर रुंद, १६.३ सेंटिमीटर उंच आणि १९५ ग्रॅम वजनाचा आहे. आकडे मोठे वाटतात, पण २०१७ सालचा आयफोन ८ प्लस हा साडेपाच इंची फोन ७८.१ मिलिमीटर रुंद आणि २०२ ग्रॅम वजनाचा होता. आणि २०११ साली ज्याच्या आकारमानाची थट्टा झाली, तो ५.३ इंचांचा गॅलक्सी नोट तर ८३ मिलिमीटर रुंद होता. स्क्रीनभोवतीच्या जाड कडा गेल्यामुळे फोन न फुगता स्क्रीन वाढली. तेव्हा मुठीत बसण्याची अडचण आपल्या कल्पनेपेक्षा कमी येईल. अडचण येईल ती अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत न पोहोचण्याची. आपल्या वयाचे बहुतेक लोक डाव्या हातात फोन धरून उजव्या तर्जनीने तो चालवतात, आणि त्यांना ही अडचण जाणवत नाही. एका हाताने फोन वापरणाऱ्यांसाठी एकहाती वापराची सोय सेटिंग्जमध्ये असते, ती सुरू करून घ्यावी. वजनाचा अंदाज घेताना मात्र कव्हर चढवूनच घ्यावा, कारण जाडसर कव्हर फोनला सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढे सहज नेते. उताणे झोपून वाचण्याची सवय असेल तर हा फोन नाकावर आपटल्याशिवाय राहणार नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आपण एक फोन दीर्घकाळ वापरता, हे आपल्या पत्रावरून दिसते. म्हणून आपल्यासाठी प्रोसेसरच्या वेगापेक्षा सॉफ्टवेअर किती वर्षे मिळणार, हा प्रश्न मोठा आहे. जुन्या अँड्रॉइडवर बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप्स एके दिवशी चालेनाशी होतात आणि धडधाकट फोन टाकून द्यावा लागतो. मार्च २०२५ मध्ये ए३६ बाजारात आणताना कंपनीने अँड्रॉइडच्या सहा आवृत्त्या आणि सहा वर्षे सुरक्षा-सुधारणा देण्याचे जाहीर केले आहे. या किमतीत हे आश्वासन उजवेच म्हणायला हवे; परंतु ही सहा वर्षे मोजली जातात ती फोन बाजारात आल्यापासून, आपण तो विकत घेतल्यापासून नव्हे. दीड वर्षाने सवलतीत घेतलेल्या फोनचे दीड वर्ष आधीच वजा झालेले असते.

उणिवाही सांगतो. या फोनला मेमरी कार्डाची खाच नाही, इयरफोनची गोल पिन बसत नाही आणि खोक्यात चार्जर मिळत नाही. आपले जुने फोटो कार्डावर असतील तर ते आधी फोनमध्ये उतरवून घेण्याची व्यवस्था करावी. बोटाचा ठसा घेणारा सेन्सर स्क्रीनखाली आहे. कोरड्या, रेषा झिजलेल्या बोटांचा ठसा असा सेन्सर अनेकदा नाकारतो, आणि वरून जाड काच लावली की आणखीच अडखळतो. आधारच्या यंत्रावर ज्यांचा ठसा लवकर उमटत नाही त्यांनी दुकानातच आपले बोट नोंदवून पाहावे, नाहीतर बाजूच्या बटणात सेन्सर असलेला फोन निवडावा. ठसा चालला आणि अक्षरांची कसोटी उतरली, तर मुलाची निवड योग्य आहे.

प्रश्न : दुकानदार एका फोनची ‘८+८ म्हणजे १६ जीबी रॅम’ सांगतो, शेजारच्या दुकानात खरी ८ जीबी रॅम असलेला फोन दीड हजाराने महाग आहे. कोणता घ्यावा?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बारामती

उत्तर : रॅम म्हणजे चालू कामे हाताशी ठेवणारी फोनची वेगवान तात्पुरती स्मृती. ‘+’ या चिन्हापुढची रॅम ही रॅम नव्हे, फोनच्या साठवणुकीतली ८ जीबी जागा उसनी घेऊन तिचा तात्पुरता वापर केला जातो, आणि ती जागा खऱ्या रॅमच्या मानाने फारच मंद असते. दोन्ही फोनमध्ये खरी रॅम ८ जीबीच आहे, तेव्हा या मुद्द्यावर दोन्ही सारखेच. फरक शोधायचा तर साठवणूक कोणत्या प्रकारची आहे ते विचारावे. ती ईएमएमसी या मंद प्रकारची असेल तर फोन घेऊ नये, यूएफएस या वेगवान प्रकारची असेल तर ठीक. फोन वर्षभराने रेंगाळू लागतो तेव्हा दोष बहुतेक वेळा मंद किंवा काठोकाठ भरलेल्या साठवणुकीचा असतो आणि बोल लागतो तो रॅमला. दीड हजार जास्त देऊन यूएफएस आणि १२८ ऐवजी २५६ जीबी जागा मिळत असेल तर खुशाल द्यावेत.

प्रश्न : ई-पीक पाहणीच्या वेळी शेतात फोनवर काहीच दिसत नाही, सावली धरून फोटो काढावा लागतो. थोड्या वेळाने फोन तापून स्क्रीन आणखी मंद होते. वीस हजारांत उन्हात चालेल असा मोठा फोन मिळेल का?
— शेतकरी, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : आपला प्रश्न वरवर एक असला तरी त्यात तीन गोष्टी गुंतल्या आहेत : स्क्रीनचा उजेड, उष्णता आणि ठिकाणाची नोंद.

उजेड निट्स या एककात मोजतात आणि जाहिरातीत बहुधा सर्वांत मोठा आकडा छापतात. तो स्क्रीनच्या एखाद्या लहान भागात, विशिष्ट प्रकारचे चित्र चालू असताना क्षणभर मिळणारा उजेड असतो. आपल्याला हवा तो भर उन्हात संपूर्ण स्क्रीनवर टिकणारा उजेड. कंपन्यांच्या तपशीलपत्रकात तो ‘हाय ब्राइटनेस मोड’ या नावाने वेगळा दिलेला असतो. वर उल्लेखलेल्या ए३६ चे हे दोन आकडे १,९०० आणि १,२०० असे आहेत, यावरून अंतराची कल्पना यावी. आपल्या किमतीत एलसीडी (मागच्या दिव्याने उजळणारी) आणि एमोलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी) अशा दोन्ही स्क्रीन मिळतात. डोळे झाकून एमोलेड घ्या असे मी म्हणणार नाही, कारण मंद एमोलेडही उन्हात काळवंडते. दोन्हींना आकड्यावरूनच तोलावे.

त्याहून चांगली परीक्षा म्हणजे फोन दुपारी बाराच्या सुमारास दुकानाबाहेर नेऊन पाहणे. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळेच फोन देखणे दिसतात. बाहेर नेण्याआधी स्वयंचलित ब्राइटनेस सुरू करावा, कारण अनेक फोन हाताने पट्टी पूर्ण सरकवली तरी सर्वाधिक उजेड देत नाहीत. प्रखर ऊन सेन्सरला जाणवले तरच तो मिळतो. मग सातबाऱ्याची पीडीएफ उघडावी आणि गट क्रमांक व क्षेत्राचे आकडे वाचता येतात का ते पाहावे. काळ्या पार्श्वभूमीची थीम घरात डोळ्यांना बरी वाटते, पण उन्हात तिच्यावर आपलेच तोंड दिसते; शेतात जाताना पांढरी थीम ठेवावी. दुकानदार फोन उंबऱ्याबाहेर नेऊ देत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

उष्णतेचे कारण सरळ आहे. अनेक कंपन्या आपले फोन शून्य ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरण्यासाठी आहेत असे लिहून देतात, आणि मराठवाड्यात उन्हाळी पिकाच्या दिवसांत सावलीतला पारासुद्धा त्यापुढे असतो. त्यात पूर्ण उजेड, कॅमेरा, जीपीएस आणि नेट अशी चार कामे एकदम चालू झाली की फोन स्वतःला वाचवण्यासाठी आधी स्क्रीन मंद करतो. हे कमी-अधिक प्रमाणात महागड्या फोनमध्येही होते. पाहणी शक्यतो सकाळी उरकावी, त्या वेळेपुरते जाड कव्हर काढून ठेवावे, आणि फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा मोटारसायकलच्या टाकीवरच्या पारदर्शक पिशवीत ठेवू नये. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय काही जण सांगतात, तो मुळीच करू नये. आत दव धरून फोन कायमचा बिघडू शकतो.

ठिकाणाच्या नोंदीबाबत एवढेच की जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, मात्र रेंज नसेल तर उपग्रहांचा ठावठिकाणा लागायला सुरुवातीला बराच जास्त वेळ जातो. बांधावर पोहोचताच, झाडाखाली न थांबता मोकळ्यावर उभे राहून आधी नकाशा उघडावा. निळा ठिपका स्थिरावला की मगच पाहणीचे अ‍ॅप उघडावे.

वीस हजारांत निवड करताना कॅमेऱ्याचे १०८ मेगापिक्सेल मी पहिल्यांदा सोडून देईन. असे कॅमेरे एरवीही नऊ ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि पिकाच्या नोंदीला तो पुरून उरतो. त्याऐवजी धूळ आणि पाण्यापासूनचे संरक्षण दाखवणारा ‘आयपी’चा आकडा पाहावा. आयपी५४ मध्ये ५ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव आणि ४ म्हणजे शिंतोडे सोसण्याची ताकद; आयपी६७ मध्ये धूळ पूर्ण बंद आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास निभाव. ही चाचणी स्वच्छ पाण्यात होते. फवारणीच्या पंपातले औषध तिच्यात धरलेले नाही, आणि फोनमध्ये पाणी गेल्यास बहुतेक कंपन्या हमीखाली दुरुस्ती करून देत नाहीत, मग खोक्यावर आयपीचा आकडा कितीही मोठा असो.

प्रश्न : मी जर्मनीत राहतो. नागपूरला आई-वडिलांसाठी इथूनच फोन आणावा का? इथे फोनवर आता ऊर्जेचे लेबलही असते.
— वाचक, म्युनिक

उत्तर : फोन आणू नये, लेबल मात्र जरूर वाचावे. बहुतेक कंपन्यांची फोनची हमी त्या-त्या देशापुरती असते, आणि पुढे आई-वडिलांना नागपूरच्या सेवाकेंद्रात ‘हा आमचा फोन नाही’ हे ऐकून परतावे लागेल. शिवाय परदेशी मॉडेलमध्ये इथल्या ५जीच्या लहरींचे सगळे पट्टे (बँड) असतीलच असे नाही. जिओ घरात, भिंतींआड पोहोचण्यासाठी ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ पट्टा वापरते, तो आणि एन७८ हा ५जीचा दुसरा पट्टा, असे दोन्ही पट्टे फोनमध्ये असणे आवश्यक आहे.

लेबलाची गोष्ट वेगळी. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनना ते बंधनकारक आहे. त्यावर एका चार्जिंगमध्ये फोन किती तास चालतो, बॅटरी चार्जिंगची किती आवर्तने (पूर्ण भरणे-संपणे) टिकते, फोन पडझड किती सोसतो आणि दुरुस्ती कितपत सोपी, याची माहिती दिलेली असते. याच नियमांनुसार ८०० आवर्तनांनंतरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. आपल्याकडे असे लेबल नाही. तेव्हा आई-वडिलांसाठी मनात असलेल्या मॉडेलचे लेबल आपण तिथे पाहून त्यांना कळवावे आणि खरेदी नागपुरात करावी. एक सावधगिरी हवी : एकाच नावाच्या फोनमध्ये भारतात आणि युरोपात बॅटरी वेगवेगळ्या क्षमतेची असू शकते, म्हणून आधी तो आकडा जुळवून घ्यावा.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या फोनच्या स्क्रीनची उजवी कड दहा दिवसांतच स्पर्शाला दाद देईना. विक्रेता म्हणतो बदलून देण्याची मुदत सात दिवसांची होती, सेवाकेंद्र म्हणते स्क्रीन दबली आहे, पैसे भरा. आता काय करावे?
— वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : बदलून देण्याची मुदत आणि हमी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली संपली तरी वर्षभराची हमी चालूच असते, आणि स्क्रीन ‘दबली’ हे सेवाकेंद्राने नुसते तोंडी सांगून भागत नाही. तपासणीचा लेखी अहवाल आणि फोटो मागावेत. फोनवर बाहेरून ओरखडा किंवा तडा नसेल तर तेही त्यांच्या नोंदपत्रावर लिहून घ्यावे. त्यानंतर कंपनीला ईमेल करावा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. तेवढ्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, विक्रेता बंगळूरचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे.

ज्यांना अजून खरेदी करायची आहे त्यांनी पैसे देण्याआधी नव्या स्क्रीनची किंमत विचारावी. अनेक कंपन्या सुट्या भागांचे दर आपल्या संकेतस्थळावर देतात, आणि मोठी वक्र एमोलेड स्क्रीन फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शालाही जाऊ शकते. सपाट स्क्रीन स्वस्त पडते आणि तिला काचही नीट बसते. फोन हातात आल्यावर खोके उघडताना व्हिडिओ काढावा. मग *#०६# डायल करून १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक, पाहावा आणि तो बिलावरच्या व खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा. इंग्रजीत के-वाय-एम ही तीन अक्षरे, मध्ये एक जागा आणि पुढे तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोनची सरकारी नोंद उत्तरात येते. तो काळ्या यादीत, दुहेरी नोंदीचा किंवा आधीच वापरात असल्याचे कळले, तर फोन त्याच दिवशी परत करावा आणि विक्रेत्याशी पुढचा सगळा पत्रव्यवहार लेखीच ठेवावा.